गणपूर्तीची खुर्ची

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. लग्नानंतर नवरा तेच म्हणायला लागला, आणि इथे सौदीत, दम्माममध्ये वाढलेली आमची मुलगी तेच इंग्रजीतून म्हणायची. वर्गात मी खुर्चीला कधी टेकले नाही. सातवी-आठवीला विज्ञान शिकवताना बाकांमधून सतत फिरत असायचे, आणि मागच्या बाकावरची उनाड मुलं त्यामुळे वैतागलेली असायची. अशा बाईला शिक्षकांनी शाळेच्या समितीवर आपली प्रतिनिधी म्हणून पाठवलं, जिथे मुख्य काम बसण्याचंच होतं.

शाळा इथल्या भारतीयांची. तिचा कारभार सात जणांच्या समितीकडे होता: सहा पालक आणि एक शिक्षक प्रतिनिधी. बसचं कंत्राट, कँटीनचं कंत्राट, शिक्षकांचे करार, सगळं समितीपुढे यायचं. प्रतिनिधीने बसपासून खडूपर्यंत कशावरही बोलावं, फक्त शिक्षकांच्या करारांचा विषय निघाला की उठून बाहेर जावं, असा रिवाज. त्यात आपलेच हितसंबंध असतात म्हणे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, लग्न लावायचं आणि नवरीलाच मांडवाबाहेर उभं करायचं, तसलं आहे हे. दोघंही खूप हसलो.

त्या हिवाळ्यात हसू आटलं. नवरा रास अल खैरच्या एका प्रकल्पावर कंत्राटदार कंपनीत होता, आठवडाभर तिकडे आणि सुट्टीला घरी. कंपनीचं तिथलं काम संपलं, दुसरं मिळालं नाही. त्याला फायनल एक्झिट मिळणार, म्हणजे कायमचं परत जायचं, हे ठरल्यात जमा होतं. माझा आणि मुलीचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्या इकाम्याला बांधलेला. तो गेला की आम्हीही गेलो. आणि मुलगी बारावीला होती. प्रॅक्टिकल्स झाली होती, बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र इथलं होतं, शेवटचा पेपर ईदच्या आधी. आता उठून भारतात जायचं म्हणजे वर्ष वाया.

एकच वाट होती. शाळेने माझी कफील, म्हणजे जामीनदार, व्हायचं, मला स्वतःच्या नावावर घ्यायचं. मग मुलीचा इकामा माझ्याशी जोडता आला असता. प्राचार्यांनी अर्ज समितीपुढे ठेवायचं कबूल केलं. नवऱ्याच्या कंपनीतला कागदपत्रं बघणारा माणूसही भला निघाला. तो म्हणाला, "शाळेत विषय चालू आहे तोवर मी फाइल पुढे ढकलत राहीन. पण एकदा नकार आला, की माझे हात बांधलेले."

तेव्हापासून मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. स्वयंपाकघर, बाल्कनी, परत स्वयंपाकघर. कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरून जायचे. मुलगी पुस्तकातून डोकं वर काढून म्हणायची, "ममा, प्लीज सिट." मला तिचा राग यायचा आणि तिच्याकडे बघवायचंही नाही.

मीटिंग रमजानच्या तोंडावर होती. अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "आज सब निपटा लेते हैं, इसके बाद ईद के बाद ही मिलेंगे." सातपैकी दोन पालक नव्हते, एक कामासाठी रियाधला आणि एक सुट्टीवर भारतात. चार पालक आणि मी, असे पाच जण. प्राचार्य टिपणं घ्यायला होते, पण समितीत त्यांची गणती नव्हती. माझा विषय सगळ्यात शेवटी होता.

आधी बसचं कंत्राट निघालं. एसी चालतो की नाही, ड्रायव्हर मुलांवर ओरडतात की नाही, यावर सगळे तावातावाने बोलले आणि शेवटी कंत्राट जुन्याच माणसाला दिलं. मग कँटीन. समोशाचा आकार गेल्या वर्षीपेक्षा लहान झालाय की पालकांची भूक वाढलीय, यावर इतकी चर्चा झाली की मी टेबलाखाली चप्पल काढून पाय हलवत बसले. एका समोशाला एवढा वेळ, मग माझ्या मुलीला किती देतील, असा हिशेब मनात चालू होता. वेडी आशा, दुसरं काय.

माझा विषय आला आणि मी रिवाजाप्रमाणे उठले. कॉरिडॉरमध्ये आले. तिथे माझ्याच वर्गातल्या मुलांनी केलेले पचनसंस्थेचे तक्ते लावले होते. एकाने यकृत उलट्या बाजूला काढलं होतं, आणि ते माझ्या नजरेतून कसं सुटलं म्हणून मी स्वतःवरच चिडले. इकडून तिकडे चालत राहिले. आत काय चाललंय ते दारातून ऐकू येत नव्हतं, फक्त एसीची घरघर.

एवढ्यात दार उघडलं. समितीतले एक पालक बाहेर आले. मूळचे रत्नागिरीकडचे, इथे बांधकामाच्या सामानाचं दुकान. माझ्याशी आवर्जून मराठी बोलायचे. प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, त्यामुळे मीटिंगमध्ये सगळे त्यांना जरा टरकून असायचे.

"बाय, चल आत," ते म्हणाले. "पाच माणसं लागतात मीटिंगला. तू भायेर गेलीस तर चारच र्‍हातात."

कोरम. मराठीत गणपूर्ती, शाळेच्या नागरिकशास्त्रात वाचलेला शब्द. आजवर मी बाहेर जायचे तेव्हा सहाही पालक आत असायचे, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याशिवाय माझ्यावर निर्णय घेता येत नव्हता, आणि माझ्यासमोर घ्यायचा रिवाज नव्हता.

यावर आतल्या मंडळींनी जो तोडगा काढला तो फक्त आपली माणसंच काढू शकतात. अध्यक्षांनी एक खुर्ची स्वतः उचलून दाराच्या उंबऱ्यात ठेवली, तोंड कॉरिडॉरकडे. "मॅडम, आप यहाँ बैठिए. आप मीटिंग में हैं भी, और नहीं भी. बस, सुनिएगा मत."

मी बसले. त्यांच्याकडे पाठ, समोर उलटं यकृत.

न ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्यांदा डॉक्टर असलेल्या बाई बोलल्या. मॅडम चांगलं शिकवतात, पण नवरा जात असेल तर त्या तरी किती दिवस राहणार. मग बँकेतले गृहस्थ म्हणाले, शाळेने एकीला नावावर घेतलं की उद्या दहा जणी येतील. मग रत्नागिरीचे. मला वाटलं होतं, हे तरी माझ्या बाजूने बोलतील. सण असो नसो, माझ्याकडच्या पुरणपोळ्या खाल्लेला माणूस. ते शांतपणे हिंदीत म्हणाले, "घर का आदमी जा रहा है तो बीवी-बच्ची को साथ ही जाना चाहिए. अकेले रखना ठीक नहीं. मेरी बेटी होती तो भी यही कहता." त्यांना ते मनापासून वाटत होतं. तेच जास्त लागलं.

मुलीचं नाव कुणी काढलं नाही. बारावी हा शब्दही नाही. प्राचार्य टिपणं लिहीत राहिले. वळून सगळ्यांना सुनावावं असं जिभेच्या टोकावर आलं होतं, आणि सुनावलं असतं तर त्यांचा नकार आणखी पक्का झाला असता, हेही कळत होतं.

"तो फिर," अध्यक्ष म्हणाले, "सबकी यही राय है? लिख लेते हैं?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी या खुर्चीत बसले आहे म्हणूनच त्यांना नाही म्हणता येतंय.

मी उठले. पर्स उचलली आणि कॉरिडॉरमधून चालायला लागले.

"मॅडम? मॅडम, बैठिए, एक मिनट." अध्यक्षांचा आवाज मागून आला. मी थांबले नाही. पायांना आयुष्यभर ज्यासाठी बोलणी बसली तेच ते करत होते. मग मागून रत्नागिरीकरांनी फाइल मिटल्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, "खलास. कोरम गया. अब कुछ मत लिखिए." माझ्या विरुद्ध बोललेला माणूस, पण नियम म्हणजे नियम. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

घरी पोचले तेव्हा नवरा दारातच उभा होता. "काय झालं?"

"काही झालं नाही," मी म्हटलं. "विषय ईदनंतर."

त्याने मनातल्या मनात तारखा मोजल्या. मग त्याला उलगडा झाला, आणि तो तिथेच चपलांच्या शेजारी जमिनीवर बसला. मुलगी आतून ओरडली, "तो मैं एग्ज़ाम दे सकती हूँ?" मी हो म्हटलं आणि मोठ्याने रडले.

ईदनंतरच्या मीटिंगला सातही जण होते. या वेळी गणपूर्तीसाठी माझी गरज नव्हती, त्यामुळे मला रिवाजाप्रमाणे बाहेर पाठवलं. कॉरिडॉरमध्ये नवे तक्ते लागले होते, हृदयाचे. मुलीचा शेवटचा पेपर होऊन गेला होता, आणि घरी तिने आपली पुस्तकं धाकट्या मैत्रिणींना वाटायलाही काढली होती. आतून नकार यायला फारसा वेळ लागला नाही. तोवर मी भिंतीकडच्या बाकावर बसून होते, आणि मला एकदाही उठावंसं वाटलं नाही.