चंडी सिस्टर विरघळली तेव्हा

भाजलेल्यांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला सगळे पाठीमागे चंडी म्हणत, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. भेटीची वेळ संपली की ती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहायची आणि भल्याभल्यांचं धाबं दणाणायचं. गाऊन न घालता आत पाऊल टाकलंत, तर तुमचं काही खरं नाही. सफाईवाल्या मावशी म्हणायच्या, "देवीला दहा हात असतात म्हणे. आमच्या सिस्टरला दहा तोंडं आहेत."

देवीवर तिची श्रद्धा होती, पण तिथेही निवडानिवड होती. लहानपणी घरात कालीची तसबीर होती, जीभ बाहेर, गळ्यात मुंड्यांची माळ. तिच्यासमोरून ही डोळे मिटून पळायची. आई हसायची, "घाबरतेस काय? तीही आईच आहे." पोरीला ते पटलं नाही ते नाहीच. तिने आपली गौरी धरली, शांत डोळ्यांची, वर देणारी. रोज सकाळी तिच्यापुढे हात जोडून ही एकच मागायची: आज कोणावर ओरडायला लावू नकोस. आणि नऊच्या आत पहिली आरोळी ठोकलेली असायची.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मागच्या महिन्यात तिची लेक वेगळी राहायला गेली आणि जाताना म्हणाली, "आई, तू घरातही वॉर्डच चालवलास. मला तुझी माया कमी आणि भीतीच जास्त आठवते." ते सिस्टरच्या फार जिव्हारी लागलं. यापुढे आवाज चढवायचा नाही, असा तिने कानाला खडा लावला.

नेमकी त्याच आठवड्यात ती पोरगी आली. तेवीस वर्षांची, निम्म्याहून जास्त भाजलेली. सोबत नवरा. गॅसवर बाही पेटली म्हणून सांगत होता आणि ढसाढसा रडत होता. "सिस्टर, मला जवळ बसू द्या हो. माझ्याशिवाय ती पाणीसुद्धा पिणार नाही."

पेशंटचा सरकारी जबाब होईपर्यंत घरचं माणूस खाटेपाशी नको, हा तिचाच नियम. एरवी तिने त्याला काचेबाहेर हाकललं असतं. त्या दिवशी मात्र ती विरघळली. स्वतःच्या हाताने त्याला गाऊन दिला, स्टूल ओढून दिलं. दोन दिवस तो उशाशी बसून होता. चमच्याने पाणी पाजायचा, कानाशी वाकून हळू आवाजात काहीबाही बोलत राहायचा. सिस्टरला वाटलं, धीर देतोय बिचारा.

मावशींना राहवलं नाही. "बरं नाही का सिस्टर? तो अजून आत कसा?"

सिस्टर नुसती हसली. स्वतःवर खूश होती ती.

तिसऱ्या दिवशी जबाब घ्यायला दंडाधिकारी साहेब आले. सगळं रीतसर झालं. नवरा बाहेर गेला, पोरगी शुद्धीवर आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं. पोरगी छताकडे बघत म्हणाली, "माझ्याच हातून पेटलं. कोणाचा दोष नाही." साहेब कागद घेऊन गेले, आणि नवरा परत स्टुलावर येऊन बसला.

दुपारी त्याला दाराशी थांबवून सिस्टर ड्रेसिंगला बसली. "झालं हं बाळा, झालं," म्हणत पट्टी ओली करू लागली, तर पोरीने डोळे उघडले.

"आता तरी त्याला बाहेर बसवाल?"

सिस्टरचा हात थांबला.

"तुम्ही कोणालाच आत ठेवत नाही, असं शेजारच्या खाटेवरची बाई सांगत होती. मी दोन दिवस वाट बघत होते, तुम्ही कधी ओरडताय त्याची."

मग तिने अडखळत बाकीचं सांगितलं. आधी मारलं, मग पेटवलं. आणि उशाशी बसून दोन दिवस एकच ऐकवलं, खरं बोललीस तर तुझी मुलगी माझ्या आईच्या हातात आहे, लक्षात ठेव.

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याला गाऊनसकट धरून बाहेर लोटलं, असं की सगळा मजला गोळा झाला. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "उद्या सकाळी येतो." सकाळी साहेब येण्याआधीच पोरगी गेली.

गौरीपुढे आयुष्यभर जे मागितलं ते तिला एकदाच मिळालं होतं, दोन दिवस. त्या पोरीने मात्र तसबिरीतल्या त्या दुसरीचीच वाट बघितली होती.

पोरीची आई लांबून दुपारी पोहोचली. हडकुळी, खाली मान घालून बोलणारी. तिने सिस्टरचे हात धरले. "तुम्ही फार मायेनं केलंत, असं जावई म्हणाले. देवीसारख्या भेटलात."

गप्प बसता आलं असतं. सिस्टर बसली नाही.

"माया नव्हती ती. मला चांगलं म्हणवून घ्यायचं होतं. जबाबाआधी कोणाला जवळ ठेवायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी तुमच्या लेकीला पेटवणाऱ्याला मीच तिच्या उशाशी बसवलं. तिनेच सांगितलं मला, पण जबाब देऊन झाल्यावर."

बाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिचा चेहरा बघता बघता बदलला आणि तिने सिस्टरच्या खाड्कन मुस्काटात दिली. मावशी धावल्या. सिस्टरने त्यांना हातानेच थांबवलं. "मारा अजून," ती म्हणाली.

"मारून काय करू तुला? नात अजून त्याच घरात आहे. चल. आत्ताच्या आत्ता चल. मला सांगितलंस ते त्या साहेबाच्या तोंडावर सांग."

जिना उतरताना बाईची बोटं सिस्टरच्या मनगटात रुतत होती. वर सात जणांचं ड्रेसिंग बाकी होतं. सिस्टरने हात सोडवून घेतला नाही.