चढावरचा दगड

ती माझ्या जागेवर, ड्रायव्हरच्या शिटावर बसली होती अन् मी दोन शिटांच्या मधलं झाकण उघडून इंजिनात तोंड घातलं होतं. आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम हेच.

"रेस दाब," मी म्हणलं.

"दाबली."

"पुरी दाब."

"आता काय पत्र्याच्या भोकातून पाय खाली सोडू का? पुरीच दाबलीय!"

तिनं पुरी दाबली तरी पंपावरचा खटका अर्ध्यातच थांबत होता. केबल ढिली पडली होती. हे एकट्या माणसाला कळत न्हाई. एकानं दाबायचं, दुसऱ्यानं बघायचं. नट फिरवून मी केबल ताणली.

मी तिसरी शिकलेला माणूस. जिंदगीभर दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. म्हातारपणी हा जुना टेम्पो घेतला, मागं खाट टाकली, गॅसची शेगडी, पाण्याचा ड्रम अन् तिच्या जुन्या लुगड्याचा पडदा. जांबला दर्शनाला त्यातच जायचो. आष्टीला लेकीकडं गेलो तरी तिच्या दारात गाडी लावून गाडीतच निजायचो. जावई चिडायचा. हसनाबादच्या बाजारात लोक म्हणायचे, "बंगला आला." चिडवायचे, पण आम्हाला बरं वाटायचं.

अडचण एकच. गावातून निघालं की लगेच चढ. शेत वर, अन् मोठा रस्ताही वरच. बाभळीपाशी टेम्पो दम सोडायचा. मंग ती दगड घेऊन उतरायची. गाडी थांबली की चाकामागं दगड. मी दहा हात वर घ्यायचो, परत दगड. दोन वरीस हेच. दगडही तिनंच निवडला होता, काळा, एका बाजूनं सपाट. वर पोचलो की तो आपल्या शिटाखाली ठेवायची अन् म्हणायची, "गाडी तुमची अन् चढून राह्यले मी."

पोरगा म्हणायचा, "दादा, भंगारात घाला आता."

तर केबल ताणली अन् तिला परत रेस द्यायला लावली. धूर काळाच. म्हणजे इंजिनाला हवा मिळत न्हवती. फिल्टर तर साफ होता. मंग हवेची नळी हातानं चाचपत चाचपत मागं गेलो. तिचं दुसरं टोक डाव्या शिटामागं, तिथं कोण बघतं? टोकाला फडकं बांधलेलं.

"हे काय गं?"

"माझ्या जुन्या चोळीचं कापड. रस्त्याचा फुफाटा आत जात होता म्हणून बांधलं. दुहेरी शिवलंय."

"कवा?"

"झाले की दोन वरीस."

दोन वरीस मी मिस्त्रीला शिव्या घातल्या. पंप उतरवला, नोजल बदलले, अन् दोष निघाला चोळीच्या तुकड्याचा.

"तोंडाला फडकं बांधून चढ चढून बघ एकदा, म्हणजे कळंल!"

"चढलेच की मी, दगड घेऊन! अन् एवढे मोठे ड्रायव्हर तुम्ही, तुम्हाला दोन वरीस दिसलं न्हाई?"

मी फडकं सोडलं. तिनं रेस दिली अन् इंजिनाचा आवाजच बदलला. धूर फिका झाला. ती स्टेअरिंगवर डोकं टेकून हसली.

"चला, चढावर नेऊ. आज मी उतरणार न्हाई."

"उद्या," मी म्हणलं. "ऑइल बदलतो, मंग नेऊ."

उद्या म्हणायची काही गरज न्हवती. ऑइल बरं होतं.

संध्याकाळी ओट्यावर शेंगा फोडता फोडता ती कलंडली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

सकाळी लेक आल्ती. आमच्यात शेतातच अग्नी देतात, म्हणजे तोच चढ. चौघं खांदा द्यायला उभे होते. मी म्हणलं, "गाडीतून न्यायचं."

पोरगा म्हणला, "दादा, लोक काय म्हणतील?"

"लोकांनी कधी दगड उचलला न्हाई."

तो जवळ आला, हळूच बोलला, "अन् चढावर बंद पडली तर?"

मी मागचा पडदा सारला. मलाही तीच भीती होती. सगळ्या गावासमोर, तिला घेऊन, अर्ध्यात.

तिला तिच्या खाटेवर ठेवलं. लेक उशाला बसली. मी पहिला गिअर टाकला, मंग दुसरा. बाभूळ जवळ आली. पाय पुरा दाबला, खालपर्यंत. इंजिन बिलकुल खोकलं न्हाई. बाभूळ बाजूनं गेली अन् मागं पडली.

आरशात बघितलं. विस्तवाचं मडकं घेतलेल्यानं पुढं चालायचं असतं, पण पोरगा मागून येत होता. एका हातात मडकं, दुसऱ्या बगलेत तिचा दगड. शिटाखालून कवा काढला कुणाला ठाऊक. धापा टाकीत होता, नजर बराबर चाकावर.

दगड लागला न्हाई. खरं सांगतो, मला रडू आलं न्हाई, बरं वाटलं. वर सपाटीला गाडी बंद केली, खाली उतरलो अन् पोराला म्हणलं, "दे इकडं."

दगड तिच्या शिटाखाली ठेवला, ती ठेवायची तसाच, सपाट बाजू खाली. मंग तिला उतरवून घेतलं.