सर्व्हरच्या दोन डिस्क आणि सोनवणे सर

सोनवणे सरांना मी प्रथम पाहिले ते धुळ्याच्या आमच्या कॉलेजातील संगणक खोलीच्या दारात. मी पिंपळनेरची, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. चपला बाहेर काढल्या, पण आत पाऊल पडेना. सर म्हणाले, "ये, बस. कुठलंही बटण दाब, मशीन रागावत नाही."

खोलीत एकच सर्व्हर होता आणि साऱ्यांचे काम त्याच्यात. सरांनी प्राचार्यांच्या मागे लागून त्याला दुसरी हार्ड डिस्क बसवून घेतली. एकीवर लिहिले की तेच दुसरीवर उमटे. सर त्याला आरसा म्हणत. शिवाय दर शनिवारी सगळ्याची नक्कल टेपवर घेऊन ते जळगावला बहिणीकडे नेऊन ठेवत. खोलीला आग लागली तर आरसाही जळेल, असे त्यांचे म्हणणे.

"सर, ताई त्या टेपवर गाणी ऐकत असतील!" कुणीतरी म्हणाले.

"ऐकू देत. पुसू नका म्हणावं, एवढंच."

माझ्या शेवटच्या वर्षी एक डिस्क बिघडली आणि तिच्या जागी नवी, कोरी डिस्क आली. त्यातच खंडेनवमी. अवजारे पुसून पुजायची आपली रीत. आम्ही मुलांनी सर्व्हरही तारा काढून, उघडून पुसला. अक्षता आत जाऊ नयेत म्हणून सरांनी फ्लॉपीच्या फटीवर रुमाल धरला होता! मग तारा सरांनी स्वतः जोडल्या. त्यात दोन्ही डिस्कच्या जागांची अदलाबदल झाली. जुन्या डिस्कवरून नवी भरायची, त्याऐवजी कोऱ्या डिस्कचा कोरेपणा भरलेल्या डिस्कवर उतरला. परीक्षांच्या गडबडीत टेपही बरेच दिवस घेतली नव्हती. आमचे प्रकल्प गेले. दिवाळीनंतर ते दाखवायचे होते, आणि वर्ष गेले तर पुढचे शिक्षण बंद, असे आबांनी, माझ्या वडिलांनी, आधीच बजावलेले.

प्राचार्य म्हणाले, "वीज गेली होती असं लिहा, सोनवणे. धुळ्यात कोण विचारतंय?"

"त्या दिवशी वीज गेली नव्हती, सर."

त्यांनी विद्यापीठाला स्वतःची चूक कळवली आणि आमच्यासाठी मुदत मागितली. मुदत मिळाली. विभागप्रमुखपद त्या वर्षी सरांकडे येणार होते. ते मात्र आले नाही. त्याबद्दल आम्ही त्यांच्या तोंडून अवाक्षर ऐकले नाही.

खंडेनवमीनंतरच्या रविवारी सर एसटीने पिंपळनेरला आले. ओट्यावर आबांनी अहिराणीत विचारले, "बठ्ठं गयं का, सर?"

"सगळं गेलं, आबा. माझ्या हातून गेलं."

"पोरनी चूक नही ना?"

"अजिबात नाही."

"मंग आते तुम्हलेच भरी देनं पडी," आबा म्हणाले आणि आत वळून चहा टाकायला सांगितला.

सरांनी शब्दशः भरून दिले. दिवाळीच्या सुटीत खोली उघडी ठेवली. आम्ही प्रकल्प आठवून पुन्हा लिहायचो, सर शेजारी बसून विचारायचे, "इथं हे का केलंस?" पहिल्यांदा जे मी नुसते उतरवून काढले होते, ते दुसऱ्यांदा मला समजले. मी पदवीधर झाले. आज जळगावात मुलींना संगणक शिकवते, आणि आरसा चुकासुद्धा जशाच्या तशा उमटवतो, हे पहिल्याच आठवड्यात सांगते.

या गौरवग्रंथासाठी हा प्रसंग लिहू का, असे सरांना विचारले. ते म्हणाले, "लिही. पण तारांचं नीट लिही, नाहीतर पुढची बॅच तेच करील."

म्हणून तारांचे नीट लिहिले आहे. साठीत प्रवेश करणाऱ्या सरांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, त्यांना भरपूर आयुष्य लाभो. आणि दारात अडखळलेल्या कितीतरी मुलींना अजून पुष्कळ वर्षे त्यांचे "ये, बस" ऐकायला मिळो.