हिवाळ्यात थांबणारं घड्याळ

वडिलांना लग्नात सासऱ्यांनी दिलेलं चावीचं मनगटी घड्याळ दर हिवाळ्यात बंद पडायचं. श्रीगोंद्याचा घड्याळवाला म्हणाला, "मशीन गेलं. सेलचं बसवून देतो." वडील तयार झाले होते. मी मात्र नको, मीच दुरुस्त करतो म्हणालो. घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, म्हणून माझं ऐकतात. पण आपल्याला ते जमेल का, याची मलाच खात्री नव्हती.

जुनी घड्याळं जमवून उघडून बघायचा नाद मला कॉलेजात लागला. वडिलांचं घड्याळ उघडलं, तर चाकांवर मेणासारखं पांढरट काहीतरी बसलेलं. वास घेतला, तर खोबरेल.

"दादा, तुमी यात तेल घातलं का?" मी वडिलांना विचारलं.

"हळू चालत हुतं. तुझ्या आईच्या बाटलीतलं थेंबभर सोडलं. सायकलच्या चेनला सोडतो तसं."

खोबरेल थंडीत गोठायचं आणि घड्याळ थांबायचं. मी चाकं पेट्रोलने धुतली, घड्याळाचं तेल आणून लावलं. जोडलं, पण चाललं नाही. पुन्हा सोडवलं, पुन्हा जोडलं. बरेच रविवार त्यात गेले, पण सेल बसवायचा नाही हे मी ठरवलं होतं. शेवटी ते चालू झालं, पण थंडीत टिकतं का ते बघायचं होतं.

यंदा कडाक्याच्या थंडीत साखर कारखान्याचा सकाळचा भोंगा झाला, तेव्हा वडिलांनी घड्याळ कानाला लावलं.

"चालतंय की."

"माझी बाटली लपवून ठेव बाबा," आई मला म्हणाली, "न्हाईतर परत मालिश करतील त्याची."

एरवी कपाटात असणारं ते घड्याळ त्या दिवशी वडील कामावर घालून गेले.