जपानी तलवारीचा गंज

"फिलिपभाऊ, हे कशानं घासलंत?"

"चिंच आन् इटकरीची भुकटी, मॅडम. वरून खोबरेल." आवाजात थोडा अभिमानच होता.

माझ्या हातात जपानी तलवारीचं मूठ काढलेलं पातं होतं.

जुन्या धातूच्या वस्तू जपणं हा माझा व्यवसाय. नगरच्या एका लहानशा खासगी संग्रहालयाचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. फिलिपभाऊ तिथले केअरटेकर, रिटायरमेंटला आठ महिने उरलेले. खंडेनवमीला तिथली हत्यारं घासूनपुसून, हळदकुंकू लावून पुजायची पद्धत होती. फिलिपभाऊ रविवारचं चर्च कधी न चुकवणारे. पण आधीच्या केअरटेकरनं सोपवलेलं काम म्हणून खंडेनवमीही तितक्याच मनापासून करायचे.

तिथे शेजारशेजारच्या दोन शोकेस होत्या, एक युरोपची, एक जपानची. युरोपचं चिलखत म्हणजे सरळ पोलादी पत्रा. गंजला की घासा, तेल लावा, पुन्हा उभा. जपानी चिलखत नाजूक प्रकरण. लहान लहान पट्ट्या, त्यांवर लाखेसारखा लेप, सगळ्या रेशमी दोऱ्यांनी ओवलेल्या. तिथे तेलाचा थेंबही चालत नाही. तलवारींतही असाच फरक. युरोपची सरळ आणि दुधारी. जपानची जराशी वाकलेली, एकाच बाजूला धार. पण खरा फरक मुठीच्या आत असतो. जपानी पात्याचा मुठीत दडलेला भाग कधीच घासत नाहीत. त्यावरचा काळा गंज हा तलवारीचा जन्मदाखला. जाणकार त्याच्या रंगावरून तिचं वय सांगतात.

फिलिपभाऊंनी मुठीतली बांबूची खुंटी काढून नेमका तोच भाग लख्ख केला होता.

ट्रस्टचे सेक्रेटरी तापलेलेच आले. "मॅडम, रिपोर्टमध्ये निष्काळजीपणा असं स्पष्ट लिहा. मी आजच यांना कमी करतो."

"सर, आधी नीट तपासू द्या."

ते केबिनमध्ये गेले. फिलिपभाऊंचा चेहरा पार उतरला होता. "लई चुकलं का मॅडम?"

"मूठ कशाला काढलीत?"

"तुमीच सांगितलं हुतं ना. लोखंड वरून बरं दिसतं, गंज आतून खातो. जोड उघडून बघत जा."

सांगितलं होतं खरं. दोन वर्षांपूर्वी युरोपच्या चिलखताच्या बिजागऱ्या उघडून मीच त्यांना दाखवल्या होत्या. शेजारच्या शोकेसबद्दल मात्र चकार शब्द काढला नव्हता. तिला कोण हात लावणार, असं मी गृहीत धरलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

मी पातं उलटवलं. दुसरी बाजू होती तशी काळी होती. मधोमध कोरलेली अक्षरं.

"ही बाजू का सोडली?"

"तिथं नाव हाय की कुनाचं तरी. वाचता आलं न्हाई, पर नावच वाटलं. मेरीच्या थडग्यावरचं नाव मी वल्ल्या फडक्यानंच पुसतो. घासलं का अक्षरं झिजत्यात. मंग हे कसं घासू?"

मेरी म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

ती सही तलवार घडवणाऱ्या लोहाराची होती. गंजासकट शाबूत.

रिपोर्ट मी तिथेच बसून लिहिला. एका बाजूचं नुकसान झालं आहे. कारण, माझी अर्धवट सूचना. दुसरी बाजू आणि सही केअरटेकरच्या समजूतदारपणामुळे वाचली आहे.

सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला. "यात तुमचं नाव कशाला?"

"चूक माझी आहे म्हणून."

"मग पुढचं काँट्रॅक्ट देताना आम्हाला विचार करावा लागेल."

"करा, सर."

त्यांनी विचार केला आणि काँट्रॅक्ट दुसऱ्याला दिलं. फिलिपभाऊ मात्र उरलेले आठ महिने पूर्ण करून, हारतुरे घेऊन रिटायर झाले. मी निरोपसमारंभाला गेले होते, मागच्या रांगेत बसून पोटभर रडले.

हल्ली नव्या ट्रेनींना मी पहिल्याच दिवशी काय घासायचं नाही त्याची यादी देते. यादी चांगली लांब आहे. फिलिपभाऊंना ती कुणीच दिली नव्हती, तरी ते योग्य जागी थांबले.