न चमकणारा दोरा

भूतबित मी मानत नाही. इथे परदेशात, ब्लॅकटाउनला नऊ वर्षं राहतोय. इथली सगळ्यात अमानवीय गोष्ट म्हणजे आमच्या भाड्याच्या घराचा एजंट. शिवाय मी थापाड्या म्हणून मित्रमंडळीत प्रसिद्ध आहे, हेही आधीच कबूल करतो. पण ही थाप नाही... आणि तेच तर दुखणं आहे.

मला जुने लष्करी कपडे जमवायचा नाद आहे. महायुद्धानंतरचे, युरोपातले, खास करून कॅमोफ्लाज. स्विस, चेक, पूर्व जर्मन... एखाद्या छोट्या देशाने उद्या युद्ध पुकारलं तर गणवेशाची सोय माझ्या गॅरेजमधून होईल. हा नाद लावला सुधीरने. पुण्याचा, माझ्या जुन्या ऑफिसातला. पण पारख मी लवकर शिकलो. शिवण बघून मी देश सांगतो, साल सांगतो, शिंप्याचं बायकोशी भांडण झालं होतं का तेही सांगतो! म्हणून शेवटचा निकाल सुधीर माझ्याकडून घ्यायचा.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी तो धापा टाकत माझ्या गॅरेजमध्ये आला. मार्केटमध्ये जुन्या पडद्यांच्या ढिगाखाली त्याला एक जॅकेट मिळालं होतं. फ्रेंच छत्रीसैनिकांचं, पन्नासच्या दशकातलं – हिरवे-तपकिरी फटकारे, आम्ही त्याला ‘लिझर्ड’ म्हणतो. याच्या नकला पोत्याने मिळतात. अस्सल मी जन्मात हातात धरलं नव्हतं.

“सांग ना लेका, खरं आहे का?” सुधीरने जॅकेट माझ्या पुढ्यात पसरलं. “वीस वर्षांत एक तरी चीज माझ्या हाती लागू दे.”

तो चहा आणायला आत गेला. मी यूव्ही टॉर्च मारला. हल्लीचा दोरा त्या उजेडात निळा-पांढरा चमकतो, तेव्हाचा सुती दोरा चमकत नाही. हा चमकला नाही. अस्तरावर शाईचा शिक्काही होता. मी त्याच उजेडात गुपचूप फोटो काढला. छाती अशी धडधडत होती की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

सुधीर कप घेऊन आला. मी तोंड पाडून म्हणालो, “नकली आहे रे. दोरा दिवाळीसारखा चमकतोय.”

त्याने टॉर्च मागितलासुद्धा नाही.

“राहू दे इथेच,” मी म्हणालो. “बदल्यात माझा जर्मन पार्का घे.” तसे टोपीवाले कोट माझ्याकडे तीन होते. तो थँक्स म्हणाला. थँक्स!

तो गेल्यावर मंजिरी, माझी बायको, म्हणाली, “उठसूट नकली, नकली काय रे? वास्तू तथास्तु म्हणते.”

“ब्लॅकटाउनच्या गॅरेजमधली वास्तू ‘नो वरीज, मेट’ म्हणेल,” मी म्हणालो.

पुढे सुधीरने छंदच सोडला. होतं नव्हतं ते सगळं ऑप शॉपला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानाला, देऊन टाकलं. म्हणाला, “मला नजरच नाही रे. कळलं ते.”

हे वाक्य मला पचेना. दोन महिन्यांनी ठरवलं – जॅकेट परत द्यायचं, सगळं कबूल करायचं. कपाटातून काढलं, सवयीने टॉर्च मारला... आणि सगळी शिवण निळी पेटली! शिक्का गायब. साबणाच्या पावडरीने जुना दोराही चमकतो, माहितीये मला. पण त्याला पाण्याचा थेंब लागला नव्हता आणि किल्ली माझ्या खिशात होती. कॉलरवरचा डाग तोच, उसवलेला खिसाही तोच.

तरी तसंच घेऊन सुधीरच्या हॅरिस पार्कच्या फ्लॅटवर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा अक्षर न् अक्षर खरं बोललो. त्याने ऐकून घेतलं, टॉर्च मारला आणि हसला.

“अरे, तू तर तेव्हा खरंच सांगितलं होतंस.”

“नाही रे! खोटं बोललो मी. हा फोटो बघ.”

“फोटो काय, कुठल्याही जॅकेटचा असेल.” त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “माझं मन राखायला किती थापा मारशील? सोड. चहा टाकू?”

नंतर चार जाणकारांना दाखवलं. चौघांनी एका नजरेत नकली ठरवलं. फोटोत मात्र दोरा अजून काळाच आहे, शिक्का स्पष्ट आहे. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा... म्हणजे आधी विश्वास बसला तर.

सुधीर तो पार्का थंडीत रोज घालतो. भेटला की बाही पुढे करून म्हणतो, “तुझ्यामुळे हा एक तरी अस्सल मिळाला बघ.”