रहाटगाणी, सायंकाळी पाच वाजता

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारी अडीच ते पावणेपाच या वेळेत, वसईच्या पापडीत माझं निधन झालं. बातमी चुकीची होती. ती मीच दिली होती.

घटनाक्रम पुढीलप्रमाणे.

माझी पुतणी केतकी हिला छायाचित्रकार व्हायचं होतं. मुंबईतल्या एका संस्थेत वर्षभराच्या अभ्यासक्रमाला मोजकेच विद्यार्थी घेतात आणि त्यासाठी बारा छायाचित्रांची मालिका दाखवावी लागते. केतकीने विषय घेतला कॅसेटच्या कव्हरांचा. जुन्या गाण्यांच्या कॅसेटी आणि तबकड्या जमवायच्या, कव्हरवरचं चित्र वसई-विरारच्या रस्त्यांवर आज जसं जमेल तसं पुन्हा उभं करायचं आणि टिपायचं.

भक्तिगीतांच्या एका कॅसेटवर डोंगराआडून उगवता सूर्य होता. तो डोंगर तिला चंदनसारला सापडला, दोन टॉवरांच्या फटीत. सूर्याच्या जागी पाण्याची पिवळी टाकी आली. पॉप गाण्यांच्या एका अल्बमवर काळ्या जॅकेटातली चार पोरं रिकाम्या पिंपांवर बसलेली होती. गोखिवऱ्याच्या एका गाळ्यातले चार वेल्डर पिंपांवर बसायला तयार झाले, पण तोंडावरचे मुखवटे काढायला नाही. ("शेठ ओळखेल ना, मॅडम.") विरहगीतांच्या तबकडीवरचा बाईचा उदास चेहरा केतकीने एका भाजीवालीच्या तोंडासमोर धरला, चेहरा विरहात आणि खाली हात मेथी निवडतायत. अशी अकरा झाली. सोमवारी सकाळी दहाला मुलाखत होती आणि रविवार उजाडला तरी बारावं छायाचित्र नव्हतं.

माझा थोरला भाऊ दादा, म्हणजे केतकीचे वडील, याची अट स्पष्ट होती. निवड झाली तर ठीक. नाही झाली, तर एक तारखेपासून गोखिवऱ्याच्या एका कंपनीत, त्याच्या मित्राच्या हाताखाली, बिलांच्या टेबलावर. टेबल ठरलं होतं. खुर्चीही बघून झाली होती.

बारावं कव्हर माझं होतं.

चोविसाव्या वर्षी मी एक कॅसेट काढली होती. नाव 'रहाटगाणी'. वाडीत रहाटावर म्हणायच्या जुन्या गाण्यांना चाली माझ्या (एकूण तीन), आवाज माझा आणि व्हायोलिन शेजारच्या पास्कलचं. विक्रीबाबत खात्रीलायक माहिती उपलब्ध नाही. (सगळ्या नातेवाइकांकडे एकेक आहे. काहींची अजून कागदातच आहे.) कव्हरवर मी पापडीच्या नाक्यावरच्या फळ्याशेजारी उभा आहे, डावा पाय स्टुलावर, हात हनुवटीखाली. अक्षरं छापून घेण्याची सोय नव्हती म्हणून कॅसेटचं आणि माझं नाव खडूने फळ्यावरच लिहिलं होतं. फळ्याला झेंडूचा हार होता आणि त्यावर चिंचेची सावली तिरपी पडलेली होती. ती सावली फेब्रुवारीत पाचच्या सुमारास पडते आणि दहा-पंधरा मिनिटांत सरकते, हे केतकीने आदल्या दिवशी उभं राहून पाहून ठेवलं होतं.

"काका, तोच फळा, तोच पाय, तीच सावली," ती म्हणाली. "चेहरा फक्त आजचा."

"चेहऱ्याला काय झालं?"

"काही झालं नसतं तर प्रोजेक्ट कशाला केला असता?"

फळा जागेवर होता. इथे पार्श्वभूमी देणं आवश्यक आहे. मला गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला जाऊन बावीस वर्षं झाली. माझ्या काळी त्या फळ्यावर सगळं लिहिलं जाई: नाटक, सभा, हरवलेली गाय. मधल्या वर्षांत नाटक, सभा आणि गाय मोबाइलवर गेली. फळ्याकडे एकच काम उरलं. आळीत कुणी वारलं की त्यावर नाव आणि वेळ लिहायची. ज्या म्हाताऱ्यांकडे मोबाइल नाही ते फळा वाचतात आणि ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांना कळवतात. हे मला माहीत नव्हतं. केतकी जन्मापासून पापडीत राहते. पण तिच्या पिढीने फळा कधी वाचलेला नाही. ("मला वाटायचं तो भिंतीचाच भाग आहे.")

दोनच्या सुमारास आम्ही फळा ओल्या फडक्याने पुसला. केतकीचं म्हणणं, कव्हरवर होत्या तेवढ्या दोनच ओळी लिहा. पण मी एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली आहेत. कोण, काय, कधी, कुठे याशिवाय मला लिहवत नाही. शिवाय जुने ओळखीचे चार लोक आले तर बरं वाटेल, आधी दादाकडे चहा घेऊ, मग सगळे मिळून नाक्यावर येऊ, असाही विचार होता. म्हणून मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं:

मधुकर हरी राऊत (वय ६२)
रहाटगाणी
आज सायंकाळी ५ वा., घरापासून नाक्यापर्यंत
सर्वांनी उपस्थित राहावे

केतकीने हार घातला. कव्हरवरचा माझा फोटो तिने मोठा करून आणला होता, तो मी संदर्भासाठी फळ्याच्या मधोमध चिकटवला. दोघांनी लांब जाऊन पाहिलं. चौकट उत्तम दिसत होती.

मग केतकी मैत्रिणीकडून कॅमेऱ्याचं स्टँड आणायला गेली. दादा-वहिनी चंदनसारला एका साखरपुड्याला गेले होते. मी त्यांच्या घरी जेवलो, मोबाइलचा आवाज बंद केला आणि मागच्या खोलीत आडवा झालो.

पुढच्या अडीच तासांचा तपशील नंतर अनेकांकडून घेऊन ताडून पाहिला आहे.

नाक्यासमोर माझी चुलत आत्या राहते, बायजाआत्या, वय ऐंशीच्या पुढे. अडीचला ती ओट्यावर आली आणि तिने फळा वाचला. त्याच वेळी रस्त्याने पास्कल चालला होता.

"पास्कल, मधू गेला रे."

"कधी?"

"ते लिहिलं नाही. पाचला नेतायत."

पास्कलने जवळ जाऊन वाचलं. "हे मध्येच 'रहाटगाणी' काय?"

"शेवटची इच्छा असणार. लहानपणापासून गाण्याची हौस त्याला. आपण सहन केलं."

"आता अजून एकदा," पास्कल म्हणाला आणि व्हायोलिनच्या तारा लावायला घरी गेला.

आमच्या आळीत रीत अशी, की मयत उचलेपर्यंत कुणी चूल पेटवायची नाही. तीन वाजता आळीतले सगळे गॅस बंद झाले. सव्वातीनला दादा साखरपुड्याच्या पंगतीतून, जिलबी ताटात टाकून, उठला. साडेतीनला गोखिवऱ्याला माझी बायको सुलभा हिला पापडीहून फोन गेला. तिने तो शांतपणे ऐकून घेतल्याचं फोन करणारी सांगते.

"शक्य नाही," सुलभा म्हणाली. "मला विचारल्याशिवाय ते असलं काही करत नाहीत."

त्यानंतर तिने मला एकोणीस वेळा फोन केला आणि मग रिक्षा पकडली.

चारला भास्कर पोचला. आळीतलं एकही मर्तिक भास्करवाचून होत नाही. मूळचा खाडीकडच्या गावचा, हाताला चपळ. बांबू, सुतळी आणि मडकं घेऊन तो दादाच्या ओट्यावर बसला आणि बांधायला लागला. बांबू तासल्याच्या आवाजाने मला जाग आली. फोटोसाठी इस्त्री केलेला पांढरा सदरा घालून मी बाहेर आलो. भास्करने मान वर केली नाही.

"गोखिवऱ्यावरनं कवा आनतात?"

"कोणाला?"

"मधूभाऊला."

"मी इथेच आहे."

भास्करने हातातली गाठ पुरी मारली, मग वर पाहिलं.

"मंग बोर्डावर लिवलं कोनी?"

"मी."

"तेच. अक्षर मी वळखलं ना. म्हनून तर कोनाला विचारलं नाय. पेपरातला मानूस, खात्री केल्याबिगर लिवनार नाय."

एकतीस वर्षांत माझ्या विश्वासार्हतेला मिळालेली ही सर्वांत स्पष्ट पावती. मी ती उभ्यानेच स्वीकारली.

"आता हे सोड," मी म्हणालो.

"बांदलेलं सोडत नाय, भाऊ. बरं नाय ते."

पावणेपाचला मी जिवंत असल्याची बातमी स्वतः घेऊन नाक्यावर गेलो, मागोमाग भास्कर. पन्नासेक माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी होती. बातमीचं स्वागत थंड झालं.

बायजाआत्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "जेवलास?"

"हो."

"आम्ही चहासुद्धा घेतला नाही."

"मी सुनेला कामावरून बोलावून घेतलं," मागून एक गृहस्थ म्हणाले. "आता तिला काय सांगू?"

"सांगा, पुढे ढकललं," पास्कल म्हणाला. त्याच्या हातात व्हायोलिन होतं आणि तो मनापासून नाराज दिसत होता. त्याने तीनही चाली पुन्हा बसवल्या होत्या.

एवढ्यात केतकी स्टँड घेऊन आली. तिने गर्दी पाहिली, हार पाहिला, माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं समजायला फार वेळ लागला नाही.

"काका, हे नंतर. सावली आली. यांना बाजूला करा, कव्हरवर तुम्ही एकटे आहात."

मी डेस्कवरच्या आवाजात म्हणालो, "मंडळी, पाच मिनिटं बाजूला व्हा. मग सगळ्यांना चहा." एकही माणूस हलला नाही.

"आधी नाव पूस," आत्या म्हणाली. "जिवंत माणसाचं नाव त्या फळ्यावर ठेवायचं नाही."

"आत्याआजी, दोन मिनिटं," केतकी म्हणाली. "फोटो झाला की मीच पुसते."

"दोन मिनिटांत काय होईल ते तू सांगू शकतेस?"

तेवढ्यात दादा आला, साखरपुड्याचा फेटा डोक्यावर तसाच. त्याने येऊन माझा खांदा धरला, इतका घट्ट की तीन दिवस दुखत होता. मग केतकीकडे वळला.

"हे तुझं फोटोंचं शिक्षण. उद्या सकाळी नऊला तयार राहा. मुंबईला नाही. गोखिवऱ्याला."

केतकीने मान खाली घातली. कॅमेरा स्टँडवर बसवण्याचं तिचं काम मात्र थांबलं नाही.

"दादा, चूक माझी आहे," मी म्हणालो. "तिने दोनच ओळी सांगितल्या होत्या."

"तुझी चूक मला दिसतेय. वाचता येतं मला."

पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. सावली हाराच्या खालच्या टोकाला पोचली होती. केतकीसाठी मला करता येण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. मी जाऊन स्टुलावर डावा पाय ठेवला आणि हात हनुवटीखाली नेला.

तेव्हा रिक्षा थांबली. सुलभा उतरली, माझ्याकडे एकदा पाहिलं, मी श्वास घेतोय याची खात्री केली आणि सरळ फळ्यापाशी गेली. तिने मजकूर वरपासून खालपर्यंत वाचला.

"वयसुद्धा चुकलंय," ती म्हणाली. "एकसष्ट. बासष्ट एप्रिलमध्ये."

आणि पदराचं टोक मुठीत धरून तिने माझं नाव एका झटक्यात पुसलं. खडूची पूड सावलीच्या कडेवर उडाली. मागे पन्नास माणसं पांढऱ्या कपड्यांत एकदम पुढे सरकली. भास्करच्या काखेत मडकं, दादाचा फेटा एका कानावर. आत्याने हात जोडले. पास्कलला वाटलं सुरू झालं, त्याने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. केतकीने बटण दाबलं. एकदाच. दुसऱ्यांदा दाबण्यासारखं फळ्यावर काही राहिलं नव्हतं.

सहा वाजता दादाच्या ओट्यावर सर्वांना चहा झाला, दोनदा. पास्कलने तीनही चाली वाजवल्या आणि माझ्याकडून गाण्याची अपेक्षा नसल्याचं आधीच सांगितलं. भास्करने बांधलेले बांबू दादाच्या वाडीत कारल्याच्या मांडवाला लागले. ते सोडावे लागले नाहीत.

लोक गेल्यावर केतकीने लॅपटॉप उघडून दादासमोर ठेवला. मी आणि सुलभा दाराशी उभे होतो. दादाने चष्मा लावला. फेटा अजून डोक्यावरच होता. फोटोतला फेटा त्याने एकदा पाहिला, मग डोक्यावरचा काढून मांडीवर ठेवला.

"आत्याचा हात चांगला आलाय," तो म्हणाला.

"हो."

"आणि सुलभाच्या पदराला खडू दिसतोय. पांढरा. कडेला." त्याने पडद्याला बोट लावलं.

"हो बाबा."

त्याने चष्मा काढला. "उद्या दहाला आहे ना ते? मग इथे काय बसलीस. छापून घे जा, दुकान बंद होईल."

परीक्षकांपुढे बारा छायाचित्रं ठेवली गेली. त्यांनी प्रश्न एकाच छायाचित्राबद्दल विचारले, ते बाराव्याबद्दल. फळा पुसणाऱ्या बाई कोण, एवढं त्यांना हवं होतं. केतकीने सांगितलं, काकू. तिची निवड झाली. जूनपासून ती तिथे शिकते. निवडीच्या पत्रासोबत एक सूचना होती: बारावं छायाचित्र संस्थेच्या प्रदर्शनात लावण्यात येईल, मात्र डावीकडे स्टुलावर पाय ठेवून उभे असलेले गृहस्थ कृत्रिम वाटतात, ती बाजू कापावी.

केतकीने फोन करून माझी परवानगी मागितली. मी दिली.

प्रदर्शनात लावलेल्या प्रतीत सुलभा, दादा, बायजाआत्या, पास्कल, भास्कर आणि मडकं आहे. स्टुलाचा एक पाय आहे.